खापरवाडीत काही कमी न्हाई

५ जानेवारी, मंगळवार

आज नोकरीवर हजर झालो. नोकरी म्हणायला लई बरं वाटायलंय. ह्याच्या आधी पुण्यात हॉटेलात भांडी घासली, चाकणला गोडाऊनमधी पोती उचलली, एकदा हैदराबादच्या ट्रकवर क्लिनर म्हणून गेलतो, तिथून पळून आलो. आई म्हणती गहिन्या, तुझ्या पायाला भिंगरी हाय. ह्या बारीला मी तिला कबूल केलंय, टोळी ऊसतोडीहून माघारी येईस्तोवर ही नोकरी सोडणार न्हाई. मग ती आन बाप येऊन मला बघून जाणार. दोघं कोयता घेऊन बेळगावकडं, आन मी पाटोद्याकडून एसट्या बदलत जिल्ह्याच्या पार ह्या टोकाला.

डायरी संस्थेची हाय. नवीन वर्षाची, वर चेअरमनचा फोटू. सेक्रेटरी मोहनराव म्हणले, रोज काय बघितलं ते लिहीत जा, म्हंजी मला सांगताना इसरणार न्हाईस. मी म्हणलो, साहेब मी सातवी नापास. ते म्हणले, तुला कादंबरी कोण लिहायला सांगायलंय बे.

काम असं हाय. कारखान्याच्या सभासदांनी मिळून ही संस्था काढलीय. अवंदा पाऊस न्हाई म्हणून गावंच्या गावं तोडीला गेली आन म्हातारी माणसं मागं राहिली. त्यांच्याकडं बघायला संस्थेनं गावोगाव बाया नेमल्यात, त्यांना सांभाळबाया म्हणत्यात. त्या नीट बघतात का न्हाई हे बघायचा जिम्मा माझा. कसं बघायचं, तर म्हाताऱ्या माणसासंगं जेवायला बसायचं. जे त्याच्या ताटात ते माझ्या ताटात. मोहनराव म्हणले, जेवताना माणूस खरं बोलतो.

आन एक नेम त्यांनी परत परत सांगितला. करू लागायचं, करून द्यायचं न्हाई. घास भरवायचा न्हाई, ताट जवळ सरकवायचं. लुगडं नेसवायचं न्हाई, निऱ्या धरू लागायच्या. माणसाच्या हातून काम काढून घेतलं की ते परत त्याच्या हातात जात न्हाई, म्हणले. मला पटलं. सायकल भेटलीय. घंटी वाजती.

८ जानेवारी, शुक्रवार

घाटनांदूरच्या बाजूला फिरलो. माझं पोट तपासून तपासून फुगलं. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, आमच्या सांभाळबाईची भाकर अशी, की तिच्यावर नाव कोरून देवळाच्या पायरीला बसवा. बाई तिथंच उभी होती. ती म्हणली, दात न्हाईत त्याला मी काय करू, आन माझ्याकडं बघून म्हणली, तुमी आदी सोताच्या गुंड्या नीट लावा, मग आमची तपासणी करा. खरंच एक गुंडी वर एक खाली लागलती. म्हातारा खोकेस्तोवर हासला.

एका घरी आजीचं अंथरूण ओलं होतं. त्या बाईला बोललो. बोलताना मला सायबासारखं वाटलं, मग लाज वाटली. अंथरूण मीच उन्हात टाकू लागलो. एक टोक आजीनं धरलं, एक मी.

११ जानेवारी, सोमवार

आजपासून मुक्काम खापरवाडी. धर्मापुरीच्या पुढं डोंगराच्या अंगाला वाडी हाय. घराघराला कुलपं, आन कुलपात धूळ जाऊ नये म्हणून त्यांना फडकी बांधलेली. लांबून बघितलं तर दारांची बोटं कापलीत आन चिंध्या बांधल्यात असं वाटतं. जनावरं चारा छावणीला गेलीत, म्हणून दूध डेअरी बंद. डेअरीची खोली मला दिलीय. भितीला आंबूस वास, कॅनचे काळे गोल जमिनीवर तसेच हायत. खाट बरी हाय. फोनला रेंज फक्त वरच्या माळावर.

वाडीत आता तिघंच. निवृत्तीबाबा, वच्छलाबाई आन मालनबाई. पयल्या दोघांना सांभाळबाई हाय, छबुबाई नावाची, धर्मापुरीहून येती. मालनबाईनं संस्थेला न्हाई म्हणून सांगितलंय.

आज कुणाशी बोललो न्हाई. घंटी वाजवत वाडीतून एक चक्कर मारली. एक कुत्रं बी भुंकलं न्हाई. कुत्री टोळीसंगं गेली आसतील.

१३ जानेवारी, बुधवार

असं काम मी आजवर बघितलं न्हाई. निवृत्तीबाबाचं घर सारवलेलं, शेणाचा वास ताजा. टँकर आठवड्यात आला न्हाई आन रांजण काठोकाठ भरलेला. पाणी इतकं गार की दात ठणकले. बाबाचं धोतर पांढरंशुभ्र, नखं कापलेली, डोक्याला तेल. भाकर तर काय सांगू. आईनं बी अशी कधी केली न्हाई. आईची चूक न्हाई, तिला तोडीवर तीन दगडांच्या चुलीवर करावी लागती.

एकच गोष्ट मनाला लागली. मोहनरावांनी सांगितलतं, दसऱ्याला त्यांनी बाबाला चऱ्हाट वळताना सोता बघितलंय. आता बाबाचे हात मांडीवर नुसते पडून. मी इचारलं, जेवता कसे. म्हणले, लेक येती दुपारच्याला, भरवती. छबुबाईलाच लेक म्हणतात वाटतं. मग चऱ्हाट वळायचं का सोडलं, तर म्हणले, ती वळून ठिवती. मी कशाला वळू. कोपऱ्यात चऱ्हाटाचा ढीग होता, छताला टेकलेला.

वच्छलाबाईकडं तसंच. वेणीत शेवंतीचं फूल. ह्या दुष्काळात फूल कुठलं, ते कळलं न्हाई. त्या चालत न्हाईत आता, पण चेहरा एकदम निवांत. काही कमी हाय का इचारलं तर हळू मान हलवली.

घास भरवायचा न्हाई हा नेम छबुबाईनं मोडलाय, ते खरं. पण इतक्या चांगल्या कामाला वाईट म्हणायला जिवावर आलं. चांगलं म्हणून सांगणार.

मालनबाईकडं मी गेलो तवा ती उकिरड्यावरचा कचरा पाटीत भरून सोताच्या झाडलेल्या अंगणात टाकायली होती. टाकला, पसरला, आन झाडू घेऊन झाडायला लागली. मी म्हणलो, आज्जी, अंगण स्वच्छच होतं की. ती म्हणली, तुला तपासायलाच ठिवलंय न्हाई का, मग उभा राहून तपास. हात लई कापतात तिचे. भाकर एका अंगानं करपलेली, एका अंगानं कच्ची. मी नेमानं खाल्ली. म्हणली, तोंड वाकडं करू नको मुडद्या, माझ्या हाताची हाय.

१४ जानेवारी, भोगी

सणाचा दिवस आन वाडीत चुलीचा धूर एकच, मालनबाईचा. माळावर जाऊन आईला फोन लावला. लागला न्हाई. फडात आसंल.

दुपारी माघारी आलो तर डेअरीच्या ओट्यावर पितळी डबा, वर फडकं. उघडला तर भोगीची भाजी, हरभऱ्याचे घाटे, बोरं, गाजर, वांगं, सगळं घातलेली, आन तीळ लावलेली बाजरीची भाकर, लोण्याचा गोळा. वाफ निघत होती. छबुबाई ठिवून गेलती वाटतं. एकट्यानं बसून खाताना डोळ्यात पाणी आलं, ते लिहू का नको कळंना. लिहिलं.

डबा घासला. रिकामा डबा माघारी देऊ नये, आईनं शिकवलंय. माझ्याकडं तिळगुळाची पुडी होती, ती डब्यात ठिवली आन डबा ओट्यावर ठिवला. सांजच्याला बघतो तर डबा न्हाई.

१८ जानेवारी, सोमवार

रोज दुपारी डबा येतो. रोज मी त्यात काहीतरी घालून ठिवतो, गूळ, फुटाणे, एकदा काहीच नव्हतं तर आईनं दिलेल्या शेंगा. छबुबाईची गाठ पडत न्हाई. मी माळावर असतो तवाच ती येऊन जाती.

आज माझे कपडे बी धुतलेले. सदऱ्यावर आमसुली डाग होता हॉटेलातला, दोन वर्षाचा, तो बी निघाला. पाणी कुठून आणती बाई.

२१ जानेवारी, गुरुवार

दुपारी डोळा लागला. उठलो तर डोक्याला तेल. पायाच्या भेगांना काहीतरी गार लावलेलं. दाराला आतून कडी होती का न्हाई ते आठवंना. नसंल लावली.

कुणाला सांगायची गोष्ट न्हाई, पण लई झोप लागली. लहानपणापासून अशी लागली नव्हती.

२५ जानेवारी, सोमवार

धर्मापुरीला जाऊन छबुबाईचे आभार मानावं म्हणून गेलो. देवळाच्या मागं घर हाय. मला बघून ती रडायलाच लागली. म्हणली, दादा, वर सांगू नका, मी दिवाळीपासून खापरवाडीला पाऊल ठिवलं न्हाई.

म्हणली, दसऱ्यानंतर जवा जावं तवा काम झालेलं. अंगण झाडलेलं, पाणी भरलेलं, बाबा जेवलेला. तिला वाटलं वच्छलाबाई करती. मग एक दिवस वच्छलाबाईच उठंना. आन त्याच दिवशी छबुबाईसाठी उंबऱ्यावर ताट वाढून ठिवलेलं. ती न खाता पळाली.

तिनं माझ्या डोक्याकडं बघितलं, तेलाकडं. मग हळू इचारलं, तुमच्याकडं बी आलं का ताट. मी म्हणलो डबा येतो. खाल्लं का. खाल्लं. डब्याचं काय केलं. मी सांगितलं, रिकामा कसा द्यायचा, तिळगूळ घातला, गूळ घातला.

तिनं पदर तोंडाला लावला. म्हणली, देणंघेणं चालू केलंत की दादा तुमी. रिकामा पालथा ठिवला आसता तर समजलं आसतं तिला.

कोण ती, इचारलं. छबुबाईनं मला पाणी बी दिलं न्हाई. दारातूनच म्हणली, जा आता, ऊन उतरायच्या आत जा.

२८ जानेवारी, गुरुवार

मंगळवारी डबा आला, मी खाल्ला न्हाई. पालथा घालून ठिवला. काल परत आला, भरलेला. आज बी.

आन आज सदऱ्याच्या गुंड्या लावता येईनात. सकाळी उठलो तर सदरा अंगात, गुंड्या लावलेल्या. मी झोपताना काढलता. मी परत काढला आन लावायला गेलो. बोटं हलतात. पेन धरतात, घंटी वाजवतात. पण गुंडी आन काज समोर आलं की बोटांना काय करायचं तेच कळत न्हाई. जसं कधी शिकलोच न्हाई.

कंगवा घेतला. कंगव्याचं बी तसंच.

निवृत्तीबाबाकडं पळत गेलो. बाबा बोललाच न्हाई. मी इचारलं बाबा, तुमाला लेक किती. बाबा हासला. आतून, भितीकडून, कुणीतरी म्हणलं, एकच. बाबाच्याच आवाजात. बाबाचं तोंड मिटलेलं होतं.

१ फेब्रुवारी, सोमवार

मालनबाईनं सांगितलं. मी तिच्या चुलीपाशी बसलो आन ती भाकरीचं पीठ मळत सांगत राहिली. माझ्याकडं बघितलं न्हाई.

बाहत्तरच्या दुष्काळात सगळी वाडी खडी फोडायला गेलती. बायनाबाई नावाची सून घरी ठिवली, अंथरुणाला खिळलेल्या सासूपाशी. घरात दाणा न्हाई, आडात पाणी न्हाई. माणसं माघारी आली तवा सासू मरून लई दिवस झालते. पण तिची वेणी घातलेली, नखं कापलेली, तोंडात घास. आन बायना उशाशी बसून सांगायली होती, आताच जेवल्यात, आताच डोळा लागलाय. लोकांनी म्हातारीला उचललं. बायना सगळ्यांच्या मागं फिरून एकच इचारायची, आता मी कुणाचं करू. कुणी म्हणलं न्हाई की बाई बस, तू दमलीस. ती घागर घेऊन आडाकडं गेली, आली न्हाई.

मालनबाई म्हणली, मी तवा नवी नवरी होते. मी बी म्हणलं न्हाई.

वाडी भरलेली असती तवा ती येत न्हाई. कुलपं लागली की येती. मोठी मायाळू हाय, म्हणली. तिला थांबता येत न्हाई एवढंच. ती माझं अंगण झाडती, मी परत कचरा टाकून झाडते. ती भांडी घासती, मी राखेत लोळवून परत घासते. भाकर जळू दे, कच्ची राहू दे, पण आपल्या हातची. एक काम तिला सोडलं की ते गेलं.

मग मला म्हणली, आज जा. सायकल काढ आन जा लेका.

४ फेब्रुवारी, गुरुवार

लगेच गेलो न्हाई. हे माझं मलाच कळत न्हाई. पळून जायला मी पटाईत. पण आईला सांगितलं होतं. आन दोन दिवस मनात एकच, इथून जाऊन कुठं. दुसऱ्या गोडाऊनमधी. तिथं कोण बसलंय.

आज माळावर जाऊन मोहनरावांना फोन केला. सगळं सांगितलं. ते हासले. म्हणले, बे, तुला आयतं जेवायला भेटतंय आन तू रडायलास. म्हणले, खापरवाडीचं काम बाकी गावातल्या बायांना नेऊन दाखवायचंय, मालनबाईला बी योजनेत घे, एकटी राहिली तर नाव खराब होतं. मी म्हणलो साहेब नेम, करून द्यायचं न्हाई. ते म्हणले, नेम आपल्या बायांसाठी, फुकट करणाऱ्याला कसला नेम.

मग सायकल घेऊन सरळ धर्मापुरीची वाट धरली. ऊन लई. अंगात कणकण होती. एका बाभळीखाली जरा टेकलो.

उठलो तर खाटेवर. सायकल भितीला, पुसलेली. पाय धुतलेले.

६ फेब्रुवारी, शनिवार

चालता येत न्हाई. उचलून आणलं तिनं, म्हणून.

पाय दुखत न्हाईत. हलवले तर हलतात. पण उभं राहून पुढचं पाऊल कसं टाकायचं ते डोक्यातून गेलंय. रांगता येतं. ते ती करून देत न्हाई म्हणून.

आता समजलं. एकेक काम जातं, सगळं अंग न्हाई. म्हणून रोज लिहायचं. लिहिणं तिला येत नसंल, शाळेत गेली नसंल. हे माझं हाय. हे एक धरून ठिवलं तर आई येईस्तोवर मी मी राहीन.

९ फेब्रुवारी, मंगळवार

मालनबाई काठी टेकत आली. तिला वाडीच्या ह्या टोकाला यायला लई वेळ लागला आसंल. मला बघून शिव्या दिल्या. पीठ आणलतं. परात माझ्यापुढं आदळली, म्हणली थाप. मी म्हणलो येत न्हाई. ती म्हणली, तुझ्या बापाला तरी येत होतं का, थाप.

थापली. फाटली. परत थापली. तव्यावर टाकताना बोट भाजलं. नकाशासारखी झाली भाकर. खाल्ली. खाताना ती माझ्या हाताकडं बघत होती. घास सोता उचलला मी. जाताना तिनं डोक्यावर टपली मारली.

सांजच्याला भित धरून उभा राहिलो. एक पाऊल पडलं. खरंच पडलं. अजून एक.

उद्या परत येते म्हणलीय.

११ फेब्रुवारी, गुरुवार

काल ती आली न्हाई. ताप हाय मला. लई.

दुपारी कपाळावर हात आला. गार, मऊ. आईचा हात असा न्हाई, आईच्या हाताला कोयत्याचे घट्टे हायत. फरक कळला मला. लगेच कळला.

नको म्हणायचं होतं. तोंड उघडलं बी.

पण मी लहान होतो तवा दिवाळी झाली की आई जायची. तापात मी एकटा असायचो. शेजारची बाई पाण्याचा तांब्या ठिवून जायची, दारातूनच. कपाळावर कुणाचा हात नव्हता कधी. मी म्हणलो एवढा ताप उतरू दे. एवढ्या बारीला. मग म्हणीन नको.

डोळे उघडले न्हाईत मी. तिनं पेज पाजली.

१३ फेब्रुवारी, शनिवार

मालनबाई आली. दार वाजवलं. गहिन्या, म्हणली, उघड.

मी हाक मारायला गेलो— माझ्या आधी खोलीतून कुणी बोललं. माझा आवाज. मी बरा हाय आज्जी, तुमी जावा, ताप उतरलाय.

मालनबाईनं काठी दाराला टेकवली. मग म्हणली, गहिन्या, तूच हाईस ना.

व्हय आज्जी. मीच की.

काठीचा आवाज गेला. लांब. लई हळू.

मी ओरडलो. ओरडणं आलंच न्हाई. कसं ओरडत्यात ते

१५ फेब्रुवारी

पेन धरतो. एवढं हाय अजून.

ती खाटेच्या बाजूला बसती आता, सांज झाली तरी. मी लिहितो ते बघती. दिसत न्हाई पण कागदावर सावली येती— वाकून बघतंय कुणी. बाई हाय ती का, हे बी— तेलाचा वास. ओल्या मातीचा वास. आडाच्या तळाचा.

कुणाचं करायचं कळत नव्हतं तिला. आता कळलंय.

१६

वच्छलाबाई गेली आसंल, बाबा बी. आज इकडंच बसून हाय दिवसभर. आता माझंच.

आईची टोळी शिमग्याच्या आसपास येती. आई आली की तिला कळंल. ती माझं अक्षर ओळखती. तिला वाचता येत न्हाई पण माझं अक्षर वाकडं असतं ते तिला— ती हासायची, मुंग्या चालल्यात म्हणायची—

वाकडंच ठिवायचं. मुद्दाम वाकडं

तारीख मालूम न्हाई

दे म्हणती. दमलास. दे, मी लिहिते.

नको. मनात म्हणलो नको. तीनदा—

हात वरून धरलाय. पयलीत गुरुजी धरायचे तसा. गार हाय. मऊ हाय. जोर लावत न्हाई ती. मीच सोडायलो वाटतं. न्हाई. सोडत न्हाई. अक्षर सरळ यायलंय आई हे मी न्हाई लिहीत आई मी न्हा

मी सुखरूप आहे. काळजी नसावी. ताप पूर्ण उतरला आहे. येथे जेवणखाण वेळेवर होते, कपडे स्वच्छ असतात, कशाचीही कमी नाही. आई, कोयता धरून तुझे हात फार दुखत असतील. टोळी परत आली की तू थेट खापरवाडीला ये. एकटी ये. येथे तुला काहीही करावे